एअरलाइनचे ‘स्टेटस’ आणि सहकाऱ्यांच्या सीट : या चुका टाळा

कंपनीच्या कामासाठी वरचेवर अमेरिकेला किंवा युरोपला जाणाऱ्या माणसाच्या नावावर दोन-तीन वर्षांत एखाद्या एअरलाइनचे गोल्ड किंवा प्लॅटिनम सदस्यत्व जमा होते. मग पुढच्या दौऱ्याला टीममधले दोघे-तिघे बरोबर निघाले की कोणीतरी सहज म्हणते, ‘सर, तुमचे स्टेटस आहे ना, मग आमच्याही सीट पुढे घ्या की.’ ही मागणी मुळीच गैर नाही, कारण अनेक एअरलाइन्स आपल्या नियमित प्रवाशाच्या सोबत्यांना पाय पसरायला जास्त जागा असलेल्या सीट विनामूल्य देतात. मात्र ही सवलत कोणाला, किती जणांना आणि कोणत्या टप्प्यावर मिळते, हे तिकीट निघाले त्याच क्षणी बहुतांशी ठरून गेलेले असते, आणि आपण त्याची चौकशी करतो ती विमानतळावर.

वेगवेगळी तिकिटे काढून नंतर ‘जोडून घेऊ’ म्हणणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. सीटची सवलत सोबत्यांपर्यंत पोहोचते ती पीएनआरमधून, म्हणजे सगळे एकाच आरक्षण क्रमांकावर असतील तरच. तुम्ही एकाच कंपनीचे आहात किंवा एकाच विमानात बसणार आहात, याची एअरलाइनच्या संगणकाला काहीही माहिती नसते. कंपन्यांच्या ट्रॅव्हल डेस्कची पद्धत मात्र नेमकी उलटी असते. प्रत्येक कर्मचाऱ्याची विनंती वेगळी, तिची मंजुरी वेगळी, तिचा खर्च वेगळ्या प्रोजेक्टवर. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच विमानाची तीन तिकिटे तीन स्वतंत्र पीएनआरवर निघतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

माझ्या एका दौऱ्यात असेच झाले होते. मी पुढच्या भागात ऐसपैस बसलो होतो आणि माझे दोन सहकारी अगदी शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहाला टेकून, दोन वेगवेगळ्या मधल्या सीटवर चौदा तास अवघडून बसले होते. काउंटरवरच्या बाईंना मी विनवण्या केल्या, त्यांनीही सहानुभूतीने ऐकून घेतले, पण विमान भरलेले होते आणि तिघांची आरक्षणे वेगळी होती. दोष खरे तर माझाच होता. तिकिटे निघण्यापूर्वी ट्रॅव्हल डेस्कला एक ओळीचा निरोप पाठवला असता तर काम झाले असते.

रेल्वेच्या पीएनआरची सवय असलेल्या आपल्या लोकांना एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते : विमानाचा पीएनआर फोडता येतो, जोडता येत नाही. तिकिटे निघाल्यानंतर दोन स्वतंत्र आरक्षणे एकत्र करून एक करण्याची सोय एअरलाइन्सकडे नसते. फोन केल्यावर एजंट ‘लिंक करून देतो’ असे म्हणतो, तेव्हा तो प्रत्येक आरक्षणात दुसऱ्या पीएनआरचा उल्लेख असलेली एक नोंद टाकत असतो. हे लोक एकत्र प्रवास करत आहेत, एवढेच ती नोंद कर्मचाऱ्यांना सांगते. उड्डाण रद्द झाले आणि सर्वांना दुसऱ्या विमानात बसवायची वेळ आली तर तिचा उपयोग होऊ शकतो, पण सीटचे शुल्क माफ करण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. म्हणून ट्रॅव्हल डेस्कला सुरुवातीलाच लेखी कळवावे की हे तिघे एकाच पीएनआरवर हवे आहेत, आणि पोर्टलवर एका वेळी एकाच प्रवाशाचे तिकीट निघत असेल तर हे आरक्षण पोर्टल टाळून एजंटकडून करून घ्यावे.

याची एक किंमतही आहे, आणि ती वित्त विभागाने विचारण्यापूर्वी आपण समजून घेतलेली बरी. तीन प्रवाशांसाठी एकत्र शोध घेतला की संगणक तिघांनाही पुरेल असा भाड्याचा वर्ग, म्हणजे एकाच केबिनमधल्या सीटचा एका भावाचा गट, शोधतो. स्वस्त वर्गात एकच जागा उरलेली असेल तर तिघांनाही महाग वर्गाचे भाडे लागते, आणि हीच तिकिटे सुटी काढली असती तर त्यातले एक तरी स्वस्तात मिळाले असते. हा फरक कधी कधी सीटच्या शुल्काहून जास्त भरतो. म्हणून आधी एकेकट्याचे भाडे पाहावे, मग तिघांचे एकत्र पाहावे आणि वजाबाकी करून निर्णय घ्यावा.

सगळ्या एअरलाइन्स आणि सगळे स्तर सारखेच समजणे

गोल्ड या शब्दाला एअरलाइनगणिक वेगळा अर्थ असतो. युनायटेडचे उदाहरण घेतले तर प्रीमियर सिल्व्हर सदस्याला इकॉनॉमी प्लसची, म्हणजे पायाला जास्त जागा असलेली, सीट चेक-इनच्या वेळी मिळते आणि सोबत एकाच सहप्रवाशाला. प्रीमियर गोल्डला ती आरक्षणाच्या वेळीच मिळते, पण सहप्रवासी तरीही एकच. प्लॅटिनम आणि वनके या वरच्या स्तरांवर मात्र त्याच आरक्षणातील आठ जणांपर्यंत सोबत नेता येतात. म्हणजे गोल्ड असलेल्या साहेबांनी स्वतःसह चार जणांच्या टीमला पुढच्या सीटचे आश्वासन दिले, तर त्यातल्या दोघांना खिशात हात घालावा लागणार, आणि कोणत्या दोघांना हे ठरवण्याचा अवघड प्रसंग साहेबांवरच येणार.

‘अमेरिकन एअरलाइन्स’ या कंपनीचा हिशेब यापेक्षा उदार आहे. तेथे गोल्ड स्तराला मेन केबिन एक्स्ट्रा या जास्त जागेच्या सीट चेक-इन सुरू झाल्यावर विनामूल्य मिळतात, प्लॅटिनम आणि त्यावरच्या स्तरांना आरक्षणापासून मिळतात, आणि एकाच आरक्षणातील आठ सोबत्यांना त्याचा लाभ होतो. आठ हा आकडा दोन्हीकडे यावा हा योगायोग नसावा, कारण एका पीएनआरवर साधारणपणे नऊच प्रवासी मावतात. दहावा माणूस आला की ते ग्रुप बुकिंग होते, त्याच्या अटी स्वतंत्र असतात आणि सीटच्या सवलती त्यात लागू आहेत का हे आधी विचारून घ्यावे लागते.

मुंबईहून लंडनमार्गे जाणाऱ्यांना ब्रिटिश एअरवेजचे नियम ठाऊक असलेले बरे. तेथे ब्राँझ सदस्याला उड्डाणाच्या सात दिवस आधीपासून सीट विनामूल्य निवडता येते, सिल्व्हर आणि गोल्डला आरक्षण केल्यापासून, आणि त्याच आरक्षणातील इतरांनाही ही मुभा मिळते. डेल्टावर गणित आणखी वेगळे आहे, कारण कम्फर्ट हा जास्त जागेच्या सीटचा भाग तेथे स्वतंत्र भाड्याचा प्रकार आहे. त्यामुळे कम्फर्टमध्ये जाणे म्हणजे सीट निवडणे नसून अपग्रेड मिळणे होय. डायमंड आणि प्लॅटिनम सदस्यांना ते तिकिटानंतर लवकरच मिळू शकते, गोल्डला उड्डाणाच्या 72 तास आधीपासून आणि सिल्व्हरला 24 तास आधीपासून, अर्थात जागा शिल्लक असेल तर. हे नियम एअरलाइन्स वर्षादोनवर्षांनी बदलतात, म्हणून प्रत्येक दौऱ्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावरील चालू नियम वाचून मगच सहकाऱ्यांना शब्द द्यावा.

आरक्षणात चुकीचा सदस्य क्रमांक टाकणे

अनेकांकडे दोन-तीन एअरलाइन्सची सदस्यत्वे असतात आणि स्टार अलायन्स किंवा वनवर्ल्ड यांसारख्या एकाच युतीतल्या एअरलाइन्स एकमेकींच्या सदस्यत्वाचा मान ठेवतात, एवढ्यावर ते निर्धास्त असतात. तसा मान राखला जातोही, पण लाउंज, प्राधान्याने चेक-इन, जास्तीचे सामान अशा ठरावीक बाबतींत. स्टार अलायन्स गोल्ड या युतीच्या वरच्या स्तराच्या लाभांमध्ये जास्त जागेच्या सीट येत नाहीत. एअर इंडियाच्या महाराजा क्लब या सदस्यत्व योजनेचे गोल्ड सदस्यत्व असलेला प्रवासी स्टार अलायन्स गोल्ड असतो खरा, पण युनायटेडच्या विमानात त्याला इकॉनॉमी प्लस फुकट मिळत नाही. ती सवलत युनायटेडच्या स्वतःच्या प्रीमियर सदस्यांसाठी राखलेली आहे. ज्याच्याकडे दोन्ही सदस्यत्वे आहेत त्याने माइल्सच्या, म्हणजे प्रवासावर जमा होणाऱ्या गुणांच्या, मोहात युनायटेडऐवजी दुसरा क्रमांक दिला, तर त्याची सीट आणि मागच्या सोबत्यांच्याही सीट एका फटक्यात सशुल्क होतात. वनवर्ल्डमध्ये परिस्थिती थोडी बरी आहे, कारण पसंतीची किंवा आगाऊ सीट निवडणे हा तेथे युतीच्या लाभांचाच भाग आहे.

याच्या उलट टोकाची चूकही पाहण्यात येते : सहकाऱ्याच्या तिकिटावर आपलाच सदस्य क्रमांक टाकणे. नाव जुळत नसल्याने तो नाकारला जातो, आणि हा प्रकार क्लबच्या नियमांत बसतही नाही. सोबत्याने आपला क्रमांक द्यावा, त्याचे माइल्स त्यालाच मिळू द्यावेत. एका पीएनआरवर असण्याने त्याच्या माइल्सला काही बाधा येत नाही.

नकाशावर पैसे दिसले की लगेच भरून टाकणे

सगळे बरोबर करूनही सीटच्या नकाशावर सोबत्यापुढे रक्कम दिसत असेल, तर कार्ड काढण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे तुमचा सदस्य क्रमांक आरक्षणात खरोखर पोहोचला आहे का. एजंटने तो आपल्या प्रणालीत लिहिलेला असतो, पण एअरलाइनच्या नोंदीत तो उतरलेला नसतो, आणि पासपोर्टवरचे नाव व क्लबमधले नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक असला तरी तो अडकतो. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी पद्धत असल्याने हा घोळ मराठी प्रवाशांच्या वाट्याला जरा जास्तच येतो.

दुसरी म्हणजे तिकिटाचा प्रकार. सर्वांत स्वस्त, बेसिक इकॉनॉमी म्हणून विकल्या जाणाऱ्या भाड्यात अनेक सवलती गळून पडतात. युनायटेडवर अशा तिकिटाला इकॉनॉमी प्लसची मोफत सीट नाही. ट्रॅव्हल डेस्कच्या ‘सर्वांत कमी भाडे’ या धोरणामुळे असे तिकीट नकळत गळ्यात पडते.

तिसरी म्हणजे विमान नेमके कोणाचे आहे. तिकिटावर एका एअरलाइनचा क्रमांक आणि प्रत्यक्षात विमान भागीदार एअरलाइनचे, असे कोडशेअर असेल तर सीट देणारी एअरलाइन ही विमान उडवणारी असते, आणि तिच्याकडे तुमच्या आरक्षणाचा सहा अक्षरांचा कोड, म्हणजेच पीएनआर, बहुधा निराळा असतो. एजंटने दिलेला कोड टाकून तिच्या संकेतस्थळावर ‘आरक्षण सापडत नाही’ असे उत्तर आले की लोक घाबरतात. अशा वेळी एजंटला ‘विमान उडवणाऱ्या एअरलाइनचा कोड द्या’ असे स्पष्ट शब्दांत विचारावे, तो घेऊन तिच्या संकेतस्थळावर जावे, तेथे सदस्य क्रमांक पुन्हा भरावा आणि मग सीट पाहाव्यात.

सीट आणि अपग्रेड यांची गल्लत

पुढच्या सीटसाठी एकाच पीएनआरवर असणे फायद्याचे असते, पण अपग्रेडच्या रांगेत तेच कधी कधी आडवे येते. अपग्रेडसाठी सहसा एकच सोबती धरला जातो, आणि दोघे एका आरक्षणात असतील तर संगणक दोन जागा मोकळ्या होण्याची वाट पाहतो. एकच जागा रिकामी असताना ती तुमच्या मागच्या एकट्या प्रवाशाला गेलेली मी पाहिली आहे. तिघे-चौघे असतील तर गुंता आणखी वाढतो. म्हणून सोबत्यांच्या सीट आधी पक्क्या करून घ्याव्यात, आणि अपग्रेडची खरोखर आशा असेल तर उड्डाणाच्या दिवशी कर्मचाऱ्यांना सांगून पीएनआर फोडून घ्यावा का, याचा विचार करावा. फोडल्यावर सोबत्यांच्या आरक्षणात तुमचा सदस्य क्रमांक उरत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे : पुढे विमान बदलले किंवा त्यांची सीट हलली, तर पुन्हा मोफत सीट मागण्याचा आधार त्यांच्यापाशी राहत नाही.

अपग्रेड मिळाल्यावर ‘साहेब, तुम्ही बसा पुढे’ म्हणत बोर्डिंग पासची अदलाबदल करणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. पास नावाने असतो आणि अपग्रेडही नावाने असते. आपली जागा ज्येष्ठ सहकाऱ्याला किंवा गरोदर सहकारी बाईंना द्यायची मनापासून इच्छा असेल, तर गेटवरच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारावे. ते हो म्हणाले तर तेच नवे पास काढून देतात आणि नाही म्हणाले तर वाद घालू नये.

एक्झिट रो सर्वांसाठी समजणे

पाय पसरायला सर्वांत जास्त जागा एक्झिट रोमध्ये, म्हणजे आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत असते, म्हणून ती टीमसाठी धरली जाते. पण तेथे बसणाऱ्याने गरज पडल्यास दार उघडायचे असते. अमेरिकी नियमांनुसार तो किमान 15 वर्षांचा, शरीराने सक्षम, कर्मचाऱ्यांच्या सूचना समजणारा आणि हे काम करायला राजी असावा लागतो. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या सहकाऱ्याला जागेची सोय म्हणून तेथे बसवले, तर कर्मचारी त्यांना ऐनवेळी उठवतात आणि तेव्हा उरलेली मधली सीटच नशिबी येते. अशा सहकाऱ्यासाठी पुढच्या भागातली, मधल्या वाटेकडची साधी सीट अधिक चांगली.

पीएनआर ग्रुपवर टाकणे आणि बेत बदलल्यावर गप्प राहणे

एकाच पीएनआरवर असण्याची एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. तो कोड आणि एक आडनाव माहीत असले की कोणालाही संकेतस्थळावर आरक्षण उघडून पाहता येते, सीट हलवता येते, काही ठिकाणी प्रवास रद्दही करता येतो. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएनआर किंवा तो छापलेल्या बोर्डिंग पासचा फोटो टाकणे म्हणूनच टाळावे, आणि सीट निवडण्याचे काम कोणा एकावरच सोपवावे. नाहीतर रात्री दोघेजण एकाच वेळी नकाशा उघडतात आणि एकमेकांची सीट सोडवून ठेवतात.

एखाद्याचे काम लांबले आणि त्याला दोन दिवस मागे राहायचे असेल, तर आधी एअरलाइनला फोन करून त्याचा पीएनआर वेगळा करून घ्यावा आणि मगच तारीख बदलावी. संकेतस्थळावर घाईने बदल केला तर तो सगळ्यांच्याच तिकिटांना लागू होण्याचा धोका असतो. थांबणारा माणूस स्वतः स्टेटसवाला असेल, तर परतणाऱ्यांच्या आरक्षणातून त्याचा क्रमांक जाणार आहे, हे त्याने त्यांना त्याच दिवशी सांगावे. त्यांनी सीटचा नकाशा लगेच उघडून आपल्या जागा जागेवर आहेत ना ते पाहावे, आणि बहुधा उड्डाणाच्या 24 तास आधी चेक-इन सुरू होते, ते होताच पुन्हा एकदा पाहावे, कारण विमानाचा प्रकार बदलला की सीटची सगळी मांडणी नव्याने होते आणि त्याची सूचना प्रत्येक वेळी ईमेलने येतेच असे नाही.