तुरुंगातून स्वतःच दावा चालवताय? या चुका टाळा

अमेरिकेत कलम १९८३ खाली दावा करायचा म्हणजे राज्याच्या किंवा काउंटीच्या अधिकाऱ्याने घटनेने दिलेला हक्क मोडला, अशी तक्रार करायची. कैदी तो वकिलाशिवाय चालवतो तेव्हा फेडरल न्यायालय भाषेच्या बाबतीत बरंच सांभाळून घेतं. स्पेलिंग चुकलं, कायद्याचं कलम लिहायचं राहिलं, अक्षर गिचमिड आलं, तरी चालतं. १९७२ च्या हेन्स विरुद्ध कर्नर निकालापासून तसं ठरलेलं आहे. त्यावरून लोक समजतात की मुदतीतही सांभाळून घेतील. नाही घेत. वकील नाही म्हणून दिवाणी दाव्याचे नियम सैल होत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ साली मॅकनील प्रकरणात सांगून टाकलं. तरी वर्षानुवर्षं त्याच चुका.

ग्रीव्हन्स अर्धवट सोडून कोर्टात धावणं

ही सगळ्यांत महागडी चूक. १९९६ च्या प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्टनुसार आधी तुरुंगाच्या आतली तक्रारपद्धत, म्हणजे ग्रीव्हन्स, शेवटच्या पायरीपर्यंत वापरावी लागते. तीही त्यांच्या फॉर्मवर आणि त्यांच्या मुदतीत. सॅन क्वेन्टिनमधल्या एन्गो नावाच्या कैद्याचं प्रकरण यासाठी वाचावं. त्याला धार्मिक कार्यक्रमांना जायला बंदी झाली. कॅलिफोर्नियाच्या नियमात तक्रारीला कामाचे १५ दिवस होते; याने सुमारे सहा महिन्यांनी केली. उशीर झाला म्हणून ती परत आली. अपील केलं, तेही परत. मग त्याने दावा लावला. म्हणणं असं की आता आत कुठलाच रस्ता शिल्लक नाही, म्हणजे सगळे रस्ते वापरून झाले. २००६ साली सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. मुदत घालवून बंद झालेला रस्ता वापरलेला धरत नाहीत.

म्हणून घटना घडली त्याच आठवड्यात फॉर्म भरा. कॉपी मिळत नसेल तर कोऱ्या कागदावर शब्दन् शब्द उतरवून ठेवा, वर तारीख आणि फॉर्म कोणाच्या हातात दिला ते. उत्तर आलंच नाही, तर नियमपुस्तिकेत पुढची पायरी किती दिवसांनी घेता येते ते बघा आणि ती घ्या. फॉर्मच देत नाहीत, धमकावतात, असं असेल तर २०१६ च्या रॉस विरुद्ध ब्लेक निकालाने वाट ठेवली आहे. पण ‘ते देतच नाहीत’ एवढ्यावर भागत नाही. कोणी, कधी, काय म्हटलं ते लागतं.

तारखेचा पुरावा न ठेवणं

ह्यूस्टन नावाच्या कैद्याने अपिलाची नोटीस निकालानंतर २७ व्या दिवशी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे टपालासाठी दिली. मुदत ३० दिवसांची. कोर्टाच्या क्लार्कचा शिक्का पडला ३१ व्या दिवशी. तुरुंगाच्या बाहेर जाणाऱ्या टपालाच्या नोंदवहीत तारीख होती, म्हणून १९८८ साली सुप्रीम कोर्टाने ती वेळेत धरली. तेव्हापासून कैद्याचा कागद तुरुंगाच्या टपालात दिला त्या दिवशी दाखल धरतात. लोकांना एवढंच आठवतं, नोंदवही विसरतात. लीगल मेलची, म्हणजे कोर्ट-वकिलांच्या टपालाची, वेगळी सोय असेल तर तीच वापरा आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी अशा अर्थाच्या चार ओळी घाला:

‘हा कागद मी अमुक तारखेला तुरुंगाच्या लीगल मेलमध्ये दिला. फर्स्ट-क्लास टपालखर्च भरलेला आहे. वरील मजकूर खरा असून खोटा ठरल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र आहे.’ खाली सही, तारीख.

नोटरी लागत नाही. तरी लोक नोटरीसाठी दोन आठवडे थांबतात आणि मुदत घालवतात.

मुदतवाढ

मुदत संपण्याआधी मागितली तर सबळ कारण पुरतं. नंतर मागितली तर हातून चूक का झाली आणि ती माफ का करावी, हे पटवावं लागतं. ‘मला अजून वेळ हवा’ हे कारण नव्हे. ‘३ ते १७ तारखेपर्यंत लॉकडाउन, लॉ लायब्ररी बंद, म्हणून २१ दिवस’ हे कारण. अर्ज टाकला म्हणजे वाढ मिळाली असं धरून बसू नका. आणि निकालात बदल मागण्याचे फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ५९ खालचे २८ दिवस न्यायाधीशालाही वाढवता येत नाहीत.

डिस्कव्हरी कोर्टात पाठवणं

डिस्कव्हरी म्हणजे विरुद्ध बाजूकडून माहिती आणि पुरावा मागणं. त्यातली प्रश्नावली आणि कागदपत्रांची मागणी त्या बाजूच्या वकिलाला जाते. कोर्टात पाठवली तर परत येते किंवा फाइलमध्ये पडून राहते, आणि उत्तरासाठीचं ३० दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. एका पक्षाला प्रश्न २५, पोटप्रश्न धरून. सहा उपप्रश्न एका नंबराखाली कोंबण्याची हुशारी चालत नाही. ‘सगळे व्हिडिओ द्या’ असं लिहिलं की हरकत ठरलेली. ‘१४ मार्च, सकाळी ९ ते १०, बी ब्लॉकच्या जिन्यावरचा कॅमेरा’ असं लिहा. व्हिडिओवर नवं रेकॉर्डिंग चढतं, म्हणून तो जपून ठेवा असं पत्र वॉर्डनला दावा लावायच्या आधीच पाठवा. उत्तर आलं नाही तर उत्तर द्यायला भाग पाडा असा सक्तीचा अर्ज थेट कोर्टात करू नका. आधी वकिलाला पत्र, मग अर्जात त्या पत्राची तारीख. नियम ३७ ला तो दाखला लागतोच.

बाकीच्या थोडक्यात. न्यायाधीशाला खासगी पत्र लिहू नका. काय हवं आणि का, हे सांगणारा अर्ज करा. सुधारित तक्रार म्हणजे जोडपत्र नव्हे. ती जुनीची जागा घेते, जुन्यातलं जे नव्यात नाही ते गेलं. अधिकाऱ्याच्या जागी ‘जॉन डो’ (नाव माहीत नसलेल्यासाठीचं काल्पनिक नाव) लिहून निवांत बसू नका, नाव शोधेपर्यंत दावा लावायची मुदत संपते: टेनेसीत एक वर्ष, न्यूयॉर्कमध्ये तीन. दुसऱ्या तुरुंगात हलवलं की त्याच दिवशी क्लार्कला नवा पत्ता. पहिल्याच आठवड्यात सरकारी खर्चाने वकील मागणं बहुतेकदा वाया जातं. दिवाणी दाव्यात तो हक्क नाही, कोर्ट फक्त विनंती करू शकतं. निदान चार वकिलांनी नकार दिल्याची पत्रं जोडा.

कोर्टाच्या फीबद्दलचा गैरसमज तर हटता हटत नाही. गरिबीचा अर्ज मंजूर झाला म्हणजे फी माफ झाली असं कैद्याच्या बाबतीत नसतं. ३५० डॉलर खात्यातून वळते होतातच, दर महिन्याच्या जमेच्या २० टक्क्यांनी, दावा फेटाळला तरी. दोन दावे असतील तर ४० टक्के. निरर्थक ठरून तीन दावे फेटाळले गेले की पुढच्या वेळी हप्त्यांची सवलत बंद, गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असेल तरच सूट. उठसूट दावे लावणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

बाहेरच्या नातेवाइकांसाठी, आणि यात अमेरिकेतली मराठी घरंही आली: मुखत्यारपत्र असलं तरी आई, वडील किंवा बायको कैद्याच्या वतीने कोर्टाच्या कागदावर सही करू शकत नाहीत. सही त्याचीच, पेनाने. तुम्ही एवढं करा: पेसर या फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन नोंदींच्या साइटवर खातं उघडून त्याच्या दाव्याचं डॉकेट (दाखल कागद आणि आदेशांची यादी) महिन्याला एकदा उतरवा आणि टपालाने पाठवा. पानाला १० सेंट पडतात, आणि तीन महिन्यांचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर तेही भरावं लागत नाही.