फरशीची चमक गेलीय? ॲसिड नको, मेण लावा
पेठेतल्या जुन्या घरांत मोझॅक नाहीतर लाल कोब्याची जमीन असते बघा, ती मळकट दिसायला लागली की लोक थेट ॲसिड ओततात, ते अजिबात करू नका, मोझॅकमध्ये संगमरवराची खडी असते, ॲसिड पडलं की फसफसून वरचा गुळगुळीत थरच जातो आणि मग ती आणखीच मळ धरते. त्यापेक्षा कोमट पाण्यात थोडं भांड्याचं लिक्विड घालून घासा, साध्या पाण्यानं दोनदा पुसा नि रात्रभर पंखा लावून खडखडीत वाळू द्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका, ओल आत अडकली की मेणाखाली पांढुरके डाग येतात, दिवाळीनंतर बघा. फ्लोअर वॅक्स सुती फडक्यानं अगदी पातळ लावायचं, वीसेक मिनिटांत ते धुरकट दिसायला लागतं, मग जुन्या मऊ टॉवेलनं गोल गोल रगडायचं, खरी चमक ह्या रगडण्यातच हाय. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात कधीही भारी, जाड थर चिकट राहतो. वास उग्र असतो, खिडक्या उघडा, गॅस-उदबत्ती बंद. जिन्यावर आणि मोरीत नको, घसरून पडाल. व्हिट्रिफाइड टाइल्सवर तर हा खटाटोप फुकटच, त्या मेण पीत नाहीत.