जुन्या कॅम्परची भिंत बाहेरून उघडा, आतून नव्हे

1960-70 च्या दशकांतले लाकडी सांगाड्याचे अमेरिकन ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे, आत राहता येणारे कॅम्पर) आतून बाहेर बांधत नेलेले असतात. आधी आतलं पातळ प्लायवुड आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पट्ट्यांच्या मधे उष्णता अडवणारं ग्लासवूल आणि सर्वांत शेवटी ॲल्युमिनियमचा पत्रा. कपाटंसुद्धा पत्रा बसण्याआधी बाहेरून, सांगाड्यातून ठोकलेली असतात. त्यामुळे दुरुस्ती उलट्या क्रमाने करायची: पत्र्यापासून सुरुवात, प्लायवुडला शेवट. आतलं फुगलेलं प्लायवुड उपटून नवं ठोकलं की भिंत चकाचक दिसते, पण कुजलेली तळपट्टी आणि पाणी शिरायची वाट जिथल्या तिथे राहते. विकायला काढलेल्या बऱ्याच ‘नव्यासारख्या’ कॅम्परमध्ये हेच झालेलं असतं. (एअरस्ट्रीम या ब्रँडच्या ट्रेलरची भिंत ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची. तिचं तंत्र वेगळं आहे, ते इथे लागू होत नाही.)

आधी तपासणी

डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. पाणी बहुतेक वेळा कोपऱ्यांच्या मोल्डिंगमधून (पत्र्यांचा सांधा झाकणारी धातूची पट्टी), खिडकीच्या वरच्या कडेतून, छतालगतच्या दिव्यांमधून किंवा व्हेंटमधून येतं, पट्टीवरून ओघळत उतरतं आणि तळपट्टीत मुरतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात दाबून पाहा. सहज रुतलं तर ते लाकूड गेलं. ओलावा मापक असेल तर 20 टक्क्यांच्या वरचा आकडा धोक्याचा.

कॅम्पर सपाट जागी जॅक स्टँडवर समपातळीत ठेवा. वीज तोडा, बॅटरी काढा, गॅसची टाकी बंद करून बाजूला ठेवा. 1978 पूर्वीच्या रंगावर सँडपेपर मारण्याआधी शिशाची चाचणी करा. आत उंदरांच्या लेंड्या सापडल्या तर झाडू नका, व्हॅक्यूमही नको. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून पुसून घ्या. त्या धुळीतून हंताव्हायरस हा जीवघेणा ठरू शकणारा विषाणू पसरतो.

पत्रा उतरवणं

एका वेळी एकच भिंत उघडा. दोन्ही बाजू उघड्या पडल्या की सांगाडा तिरका होतो आणि पुढे खिडक्या चौकटीत बसत नाहीत. मोल्डिंगमधली व्हिनाइलची पट्टी ओढून काढली की स्क्रू दिसतात. मोल्डिंग, मग दिवे, खिडक्या, दार, या क्रमाने सगळं उतरवा. आडवे पत्रे एकमेकांत अडकवलेले असतात आणि बहुतेक गाड्यांत खालून वर बसवलेले असतात, म्हणून काढताना वरून खाली या. प्रत्येकावर क्रमांक टाका, फोटो घ्या. पत्रा पातळ असतो; एकदा दुमडला की ती घडी मोडत नाही, तेव्हा उचलायला दोघं लागतात.

लाकूड

कुजलेली पट्टी फेकू नका, तोच तुमचा साचा. कुज संपते तिथून पुढे साधारण 15 सेंटिमीटर चांगलं लाकूड येईपर्यंत कापा. नवी पट्टी कोरड्या पाइनची घ्या, जुनीच्याच मापाची: काही ठिकाणी पाऊण इंच जाड, काही ठिकाणी दीड. पुढच्या-मागच्या वळणाचे तुकडे पाऊण इंची प्लायवुडमधून कापावेत. सांध्याला जलरोधक गोंद आणि स्क्रू दोन्ही हवेत. नुसते स्टेपल रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होतात. वाळवीप्रतिबंधक म्हणून मिळणारं तांबंयुक्त लाकूड मोह पाडतं, पण ते ॲल्युमिनियमला खातं. इथे ते नकोच.

सांगाड्यावर लांब सरळ पट्टी फिरवून पाहा. एखादी पट्टी दोन-तीन मिलिमीटर वर आली तरी पत्र्यावर तिची रेघ उमटते.

इन्सुलेशन

ग्लासवूल ओलं झालं की खाली बसतं आणि भिंतीचा वरचा भाग रिकामा राहतो. त्याऐवजी एक्सपीएस फोमची (पॉलिस्टायरीनचा घट्ट फोम) पाटी वापरा. इंचाला साधारण आर-5 मिळतो (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितका जास्त तितकं चांगलं). जाडी पट्टीइतकीच घ्या. जाड ग्लासवूल दाबून भरल्याने ऊब फारशी वाढत नाही, पत्रा मात्र फुगतो.

फोम कप्प्यापेक्षा तीन मिलिमीटर लहान कापा आणि कडा खिडकी-दारांसाठीच्या कमी फुगणाऱ्या स्प्रे फोमने भरा. साधा स्प्रे फोम प्लायवुड आत ढकलतो. चिकटवण्यासाठी फोमसाठीचाच गोंद घ्या, सॉल्व्हंटचा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवतो. वायरिंग आधी करून घ्या, तेही नळीतून: पीव्हीसी आवरण पॉलिस्टायरीनला टेकलं तर त्याला मऊ ठेवणारं द्रव्य फोममध्ये उतरतं आणि आवरण कडक होऊन तडकतं. हीटरच्या धुराड्याजवळ फोम नको, तिथे न पेटणारं मिनरल वूल. आतल्या बाजूलाही फोम कुठे उघडा राहू देऊ नका.

या फटी इतक्या काटेकोरपणे बुजवायच्या त्या नुसत्या थंडीसाठी नव्हे. आतल्या गॅसच्या शेगडीत एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. ती फटीतून थंड पत्र्यापर्यंत पोचली की थेंब बनून पुन्हा तळपट्टीवरच उतरते, छप्पर कितीही पक्कं असो.

परत बसवणं

मोल्डिंगवरची जुनी पुटी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेली मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायचं द्रावण) पुसा. खिडकी आणि मोल्डिंगखाली नवी ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) सलग लावा. सिलिकॉन टाळा: त्याच्या उरलेल्या पातळ थरावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. स्टेनलेसचे आठ नंबरी, एक इंची स्क्रू चालतात. भोक सैल झालं असेल तर दीड इंची. सगळे एकदम आवळू नका. दोन-तीन दिवस उन्हात टेप दबली की पुन्हा एक फेरी मारा, बाहेर आलेली टेप कापा आणि मगच व्हिनाइलची नवी पट्टी बसवा.

शेवटी पाण्याच्या पाइपने गळतीची चाचणी. खालून सुरुवात करा आणि प्रत्येक पातळीवर दहा मिनिटं थांबत वर जा. वरून ओतलं तर नेमकी कोणती जागा गळते ते कळत नाही. फोममुळे पाणी लगेच आत दिसणार नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आतून तळाजवळ आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांशी ओलावा मापक लावा. आकडा चढलेला दिसला तर त्याच्या बरोबर वरची खिडकी किंवा मोल्डिंग उतरवून टेप नव्याने लावा.