सर्व्हेचे आकडे साहेबांच्या डोक्यावरून जातात? या चुका टाळा

झेडपीच्या मीटिंगला आपण ऐंशी पानांची पीडीएफ घेऊन जातो आणि सभापती एकच विचारतात, "ते सगळं ठीक, पण सुरगाण्याचं काय?" बहुतेकांची विकेट इथेच जाते.

एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी) चे आकडे जिल्ह्यापर्यंतच मिळतात, खाली नाही. नाशिकचे १५ तालुके, म्हणजे निफाडचे द्राक्षबागायतदार आणि पेठ-सुरगाण्याचे पाडे एकाच सरासरीत. मग आपण हुशारी करतो, जिल्ह्याचा टक्का तालुक्यातल्या मुलांच्या संख्येला लावतो आणि 'सुरगाण्यात इतकी मुलं कुपोषित' असं ठोकून देतो. मीही केलंय हे, तिथल्या अंगणवाडी सुपरवायझर ताईंनी दोन मिनिटात उघडं पाडलं. त्यापेक्षा सरळ सांगा की हा सर्व्हे तालुका दाखवत नाही, आणि अंगणवाडीतली वजन-उंचीची नोंद किंवा एचएमआयएस (दवाखान्यांकडून येणारी सरकारी आरोग्य माहिती) वेगळ्या पानावर द्या. वेगळ्याच हां, कारण एचएमआयएसमध्ये दवाखान्यांनी कळवलेलं येतं, जी बाई दवाखान्याची पायरीच चढली नाही ती त्यात नाही, सर्व्हेवाले मात्र घरी जाऊन विचारतात. दोन्ही एका टेबलात टाकले की "खोटं कोणाचं?" यावरच मीटिंग संपते.

दुसरं, कंस. फॅक्टशीटमध्ये, म्हणजे सर्व्हेच्या जिल्ह्याच्या आकड्यांच्या पत्रकात, आकडा कंसात असेल तर तो फक्त २५ ते ४९ केसेसवर काढलाय, आणि स्टार असेल तर २५ पण नव्हत्या म्हणून छापलाच नाही. लसीकरण १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं बघतात, एका जिल्ह्याच्या सॅम्पलमध्ये अशी मुलं असून असून किती असणार! आता गंमत बघा, एक्सेलमध्ये (62) पेस्ट केलं की ते -62 होतं, मग कोणीतरी मायनस काढून टाकतं आणि त्याबरोबर इशाराही जातो. आधी कॉलम टेक्स्ट करा, मग पेस्ट करा.

सर्व्हेवर २०१९-२१ लिहिलंय म्हणून कोविडचा परिणाम शोधत बसू नका, महाराष्ट्रातलं फील्डवर्क कोविडच्या आधीच झालंय.

'स्टंटिंग' लिहू नका, 'वयाच्या मानाने उंची कमी' लिहा, टक्क्याऐवजी 'शंभरातली इतकी मुलं'. आणि ते एक पान फोटो करून व्हॉट्सॲपला टाका, वर्डची फाइल नको, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर साहेबांच्या फोनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.