बिट, हर्ट्झ आणि ज्यूल: वायरलेस संशोधनाच्या वाटेवर येणाऱ्यांसाठी

वायरलेस कम्युनिकेशनमध्ये नव्याने येणारे विद्यार्थी मला हमखास विचारतात, स्पेक्ट्रमवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या मर्यादित पट्ट्यावर काम करू की ऊर्जेवर? मीही सुरुवातीला याच पेचात होतो. आता माझं ठाम मत आहे की हे दोन विषय सुटे सुटे शिकताच येत नाहीत. दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे यंत्र स्वतः खातं ती वीज, आणि तिच्याकडे वर्गात फारसं कुणी लक्ष देत नाही.

सुरुवात मात्र क्लॉड शॅननच्या 1948 सालच्या सूत्रापासूनच करा, आणि ते हाताने सोडवा. ठरावीक बँडविड्थमधून (म्हणजे वापरलेल्या स्पेक्ट्रमच्या रुंदीतून) आणि ठरावीक नॉइजमध्ये (म्हणजे नको असलेल्या गोंगाटात) जास्तीत जास्त किती बिट पाठवता येतात, हे ते सांगतं. एका सेकंदात दर हर्ट्झमागे 1 बिट पाठवायचा तर सिग्नल नॉइजच्या बरोबरीचा लागतो. 2 बिट पाठवायचे तर तिप्पट, 4 बिटांना 15 पट आणि 8 बिटांना 255 पट. बिटांची संख्या दुपटीने वाढते तेव्हा पॉवर कुठल्या कुठे जाते, हे एकदा स्वतः कागदावर मांडलं की पुन्हा विसरत नाही. उलट बाजूने, बँडविड्थ वाढवत नेली तर दर बिटामागची ऊर्जा कमी होत जाते, पण नॉइजच्या तुलनेत मोजली तर उणे 1.59 डेसिबलच्या (गुणोत्तर मोजायचं लॉगॅरिदमिक एकक) खाली ती कधीच उतरत नाही. तेवढ्या काटकसरीला जवळजवळ अमर्याद बँडविड्थ लागते. स्पेक्ट्रम वाचवायचा तर ऊर्जा मोजावी लागते आणि ऊर्जा वाचवायची तर स्पेक्ट्रम, असा तो सौदा आहे.

माझं पहिलं सिम्युलेशन या सौद्यावरच होतं. आलेख सांगत होता की जितकं सावकाश पाठवाल तितकी बचत जास्त. मी तो माझ्या मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही सावकाश पाठवताय तोवर बेस स्टेशन (फोनशी बोलणारा मोबाइल टॉवर) कशावर चालतंय?" माझ्या गणितात फक्त अँटेनातून बाहेर पडणारी पॉवर होती. अँप्लिफायर, प्रोसेसिंग, कूलिंग यांतलं काहीच नव्हतं.

त्यांनी मला युरोपातल्या 'अर्थ' या ऊर्जाबचतीवरच्या प्रकल्पाचं, बेस स्टेशनच्या वीजखर्चाचं मॉडेल वाचायला दिलं. ते 2011 मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही नवशिक्यांसाठी मी तेच सुचवतो, कारण ते एका ओळीत मावतं. मोठ्या बेस स्टेशनच्या एका ट्रान्सिव्हरला (सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या संचाला) चालू राहण्यासाठीच 130 वॅट लागतात. त्यावर हवेत सोडलेल्या प्रत्येक वॅटमागे 4.7 वॅट आणखी. कमाल उत्सर्जन 20 वॅट, आणि काम नसताना बराच भाग बंद ठेवला, म्हणजे झोपेत, 75 वॅट.

आता हे उदाहरण माझ्याबरोबर करून बघा. समजा 20 वॅटला आपल्याला दर हर्ट्झमागे सेकंदाला 4 बिट मिळतात. वेग निम्मा केला, म्हणजे 2 बिटांवर आलो, तर सिग्नल 15 पटींऐवजी 3 पट पुरतो, म्हणून 4 वॅट भागतात. तेवढाच डेटा पाठवायला 1 सेकंदाऐवजी 2 सेकंद लागतील. हवेत गेलेली ऊर्जा 20 ज्यूलवरून 8 ज्यूलवर आली. माझा पहिला आलेख इथेच थांबला होता.

पण मीटरकडे बघा. वेगाने पाठवताना पहिल्या सेकंदाला 130 अधिक 20 गुणिले 4.7, म्हणजे 224 ज्यूल, मग एक सेकंद झोप, तिचे 75, एकूण 299. सावकाश पाठवताना दोन्ही सेकंद प्रत्येकी 148.8, एकूण 297.6. म्हणजे जवळपास बरोबरी! वेगाने पाठवून झोपलंच नाही, नुसतं रिकामं बसलं, तर 354 ज्यूल जातात आणि सावकाश पद्धत सरळ जिंकते. आणि झोपेतला खर्च 75 ऐवजी 10 वॅटवर आणता आला तर 234 ज्यूलमध्ये काम होतं आणि वेगवान पद्धत पुढे जाते. कोणती पद्धत चांगली, हे शॅननचं सूत्र एकटं ठरवत नाही. यंत्राला किती गाढ झोपता येतं, त्यावर ते ठरतं. हे उमगलं त्या दिवसापासून मी हा विषय मनापासून करू लागलो.

त्यानंतर मानकं वाचण्याची माझी दृष्टीच बदलली. एलटीईमध्ये, म्हणजे 4जीमध्ये, फोनला चॅनेल मोजता यावा म्हणून पाठवला जाणारा संदर्भ सिग्नल साधारणपणे दर मिलिसेकंदाच्या सबफ्रेममध्ये जातो, सेलमध्ये एकही फोन बोलत नसला तरी. तेवढ्यात झोपणार कधी आणि उठणार कधी? 5जीच्या न्यू रेडिओमध्ये हा नेहमीचा सिग्नल काढून टाकला. फोनला सेल सापडावा म्हणून पाठवल्या जाणाऱ्या सिंक्रोनायझेशनच्या ब्लॉकचं अंतर 5 ते 160 मिलिसेकंदांपर्यंत ठेवता येतं आणि नव्याने जोडणारा फोन ते 20 मिलिसेकंद धरून चालतो. मानकातली ही तरतूद वाचताना कंटाळवाणी वाटते, पण ऊर्जाबचतीची खरी जागा तीच आहे. स्पेक्ट्रमच्या बाजूनेही असंच: एलटीईच्या 20 मेगाहर्ट्झ चॅनेलमध्ये प्रत्यक्ष वापरात 18 येतात, तर न्यू रेडिओच्या 100 मेगाहर्ट्झमध्ये, सबकॅरियरमध्ये (चॅनेलमधल्या बारीक उपलहरींमध्ये) 30 किलोहर्ट्झ अंतर असताना, 98.28.

संधी मिळाली तर काही आठवडे तरी पॉवर अँप्लिफायरच्या बेंचवर काढा. मी एक-एक डेसिबलने इनपुट वाढवत होतो आणि स्पेक्ट्रम अॅनालायझरवर ओएफडीएमचा (4जी-5जी वापरतात त्या, डेटा अनेक सबकॅरियरवर वाटून पाठवण्याच्या पद्धतीचा) सपाट माथा दिसत होता. एका टप्प्यापर्यंत फक्त माथा वर जात राहिला. त्यापुढे दोन्ही बाजूंना खांदे फुटू लागले, म्हणजे आपला सिग्नल शेजारच्या चॅनेलमध्ये सांडू लागला. ओएफडीएममध्ये अनेक सबकॅरियर एकत्र येतात, म्हणून अधूनमधून उंच शिखरं उठतात आणि ती अँप्लिफायरला झेपत नाहीत. उपाय म्हणजे बॅकऑफ, पॉवर मागे घेणं. मी 6 डेसिबल मागे आलो, म्हणजे पॉवर जवळपास पावपट केली, खांदे बसले, पण हीटसिंकजवळ हात नेला तर धग तशीच. आदर्श क्लास बी (अँप्लिफायरचा एक प्रकार) अँप्लिफायरची कार्यक्षमता कमाल 78.5 टक्के असते आणि 6 डेसिबल खाली ती निम्म्यावर येते. शेजाऱ्याचा स्पेक्ट्रम स्वच्छ ठेवण्याची किंमत उष्णतेत मोजली जाते, ती अशी. म्हणूनच विल्यम डोहर्टी यांनी 1936 मध्ये मांडलेली, दोन अँप्लिफायरमध्ये काम वाटून बॅकऑफमध्येही कार्यक्षमता राखणारी रचना आजच्या बेस स्टेशनमध्ये टिकून आहे, आणि जोडीला डिजिटल प्रीडिस्टॉर्शन आहे, म्हणजे अँप्लिफायरची विकृती रद्द व्हावी म्हणून सिग्नल आधीच उलटा बदलून देणं.

मॅसिव्ह मायमोबद्दल थोडक्यात. थॉमस मार्झेटा यांच्या 2010 च्या निबंधानंतर हा विषय सगळीकडे पोचला. खूप अँटेना लावल्या की त्याच हर्ट्झमध्ये अनेकांना एकाच वेळी सेवा देता येते आणि प्रत्येकासाठीची पॉवरही घटते. पण प्रत्येक अँटेनामागे स्वतःची इलेक्ट्रॉनिक साखळी असते आणि तिचा ठरीव खर्च चुकत नाही. त्यामुळे एका संख्येनंतर दर ज्यूलमागचे बिट उलट कमी होतात. रहदारी कमी असताना काही साखळ्या बंद करायच्या, तर कोणत्या आणि किती वेळ, यात अजून भरपूर काम शिल्लक आहे.

गणिताचं म्हणाल तर रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि ऑप्टिमायझेशन पक्कं हवं. दर ज्यूलमागे बिट ही भागाकाराची राशी आहे, म्हणून अशा भागाकाराची कमाल किंमत शोधणारी 1967 ची डिंकेलबाख पद्धत लवकर शिका, ती सतत लागते. मशीन लर्निंग नंतर आलं तरी चालेल. कोणताही निबंध हातात घेतला की मी आधी पॉवर मॉडेलचं समीकरण शोधतो. त्यात ठरीव खर्चाची संज्ञा नसेल तर पुढचे आलेख बघण्याआधी ती घालून स्वतः आकडे काढतो. कधी निष्कर्ष टिकतो, कधी पार उलटतो. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या विद्यार्थ्यालाही मी वरचं दोन सेकंदांचं उदाहरण देतो आणि सांगतो, झोपेतून उठायला लागणारा वेळ आणि तेव्हाची वीज यात घालून पुढच्या आठवड्यात या.