मेकॅनिक फेब्रुवारीतच शोधून ठेवा, मे महिन्यात नाही

मेकॅनिक शोधायची सर्वात वाईट वेळ म्हणजे मे महिन्यात दुपारी दोनला नागपूरच्या रिंग रोडवर गाडी बंद पडते ती. पारा 45 च्या वर, मागच्या सीटवर लेकरं रडून राहिली, अशात जो पहिला भेटेल तोच देव वाटते आणि तो म्हणेल तेवढे पैसे आपण गपचूप काढून देतो. म्हणून गाडी धड चालू असतानाच एखादं छोटं काम घेऊन जा. ऑइल बदलणं, ब्रेकची सफाई, असं काहीतरी. माणूस कसा आहे ते तिथेच कळते. (गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं सोडा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा.)

विचारायचं कोणाला? मित्र सांगतात 'आपला ओळखीचा आहे बे', पण त्यांची गाडी निघते महिन्यातून चारदा. मी टॅक्सीवाल्यांना विचारतो, कारण त्यांची गाडी एक दिवस गॅरेजात उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. दुसरा माणूस म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटरवाला. कोणता मिस्त्री कंपनीचा माल नेते आणि कोण 'भाऊ, सस्तावाला दे' म्हणते, हे त्याला पक्कं माहीत असते. सरळ नाव नाही घेणार तो, पण 'तुमची गाडी असती तर कुठे दिली असती' असं विचारलं की बोलतो.

आता एसीचं सांगतो, कारण नागपुरात मेकॅनिकची खरी परीक्षा तिथेच होते. मागे एकदा माझ्या गाडीचा एसी थंडच करत नव्हता, एका गॅरेजवाल्यानं न पाहताच 'गॅस संपला' म्हणून भरून दिला, तीन आठवड्यांनी परत तेच, परत भरला, परत पैसे. अरे भाऊ, एसीचा गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. सिस्टीम सीलबंद असते, वर्षानुवर्षं किंचित कमी होईल, पण तीन आठवड्यांत गेला म्हणजे कुठेतरी लीक आहेच. मग दुसऱ्याकडे गेलो तर त्यानं बोनेट उघडून टॉर्च मारला आणि कंडेन्सरजवळ (समोरची एसीची जाळी) पाइपच्या जोडावर बोट ठेवलं, तिथे तेलकट काळा डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइलही फिरते, म्हणून लीक असते तिथे बरेचदा असा डाग दिसते. जोडातलं छोटंसं रबरी ओ-रिंग गेलं होतं. त्यानं ते बदललं, लीक तपासली आणि मगच गॅस भरला.

तर नवीन माणसाला हेच विचारून पाहा, 'गॅस कमी आहे तर गेला कुठे?' जो दाखवायला उठतो तो कामाचा, जो 'गर्मीत असंच होते साहेब' म्हणतो त्याला नमस्कार करा.

स्कॅनरचंही तसंच आहे. आजकाल सगळ्यांकडे मशीन असते, गाडीला लावलं की बिघाडाचा कोड येते. पण सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असं नाही, वायर कुरतडलेली असू शकते, कनेक्टर ढिला असू शकते. उंदरांनी माझ्या शेजाऱ्याची वायरिंग दोनदा खाल्ली. कोड वाचून लगेच पार्ट मागवणाऱ्यापासून जरा जपूनच.

गाडी देताना किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा, काम व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि 'याच्याबाहेर काही निघालं तर आधी फोन करा' हे त्यातच टाका. जुना पार्ट परत मागायचा, लाजायचं नाही. ब्रेक पॅड बदलले असतील तर जुने हातात घेऊन पाहा, मसाला (पॅडचा घासणारा थर) 3 मिमीच्या आसपास आला असेल तर बदलणं बरोबर, अर्ध्याच्या वर उरला असेल तर विचारा की घाई काय होती. नवीन पार्टचं खोकं पाहा, बॅटरी घेतली तर वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या. मजुरी आणि पार्ट वेगवेगळे लिहून द्यायला कच्च्या बिलावरही काही त्रास नसतो.

पटला माणूस तर मग पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका, तोच रात्री फोन उचलते. आणि पहिल्यांदा जाल तेव्हा रविवारी सकाळी नका जाऊ, तेव्हा गॅरेजात इतकी गर्दी असते की चांगला मिस्त्रीही तुमच्या गाडीकडे धड पाहणार नाही. मधल्या वारी दुपारी जा, चहा सांगा आणि तिथेच उभं राहून पाहा.