शर्यतीच्या वेळेचा अंदाज बांधताना या चुका टाळा

१० किलोमीटर ५० मिनिटांत होतात, म्हणजे मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) साडेतीन तासांत व्हायला हवी, असा हिशोब पुष्कळ जण मांडतात. अंतर वाढलं की तोच पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, टिकत नाही, हे त्यात सुटतं. पीट रीगल या अभियंत्याने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं. अनेक कॅल्क्युलेटर आजही त्यावरच चालतात. नव्या अंतराला जुन्या अंतराने भागायचं, उत्तराचा १.०६ वा घात काढायचा आणि त्याने जुनी वेळ गुणायची. या सूत्राने मॅरेथॉनची वेळ ३ तास ५० मिनिटं येते. साध्या गुणाकारापेक्षा तब्बल १९ मिनिटं जास्त!

मात्र हा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. तुमची तयारी त्याच अंतराची झाली आहे, असं सूत्र धरूनच चालतं. तुमचे लाँग रन, म्हणजे सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावा, किती झाले, हे त्याला कुठून कळणार? तिसाव्या किलोमीटरच्या पुढे शरीरातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपत आलं की पाय जड होतात आणि आधी कमावलेली मिनिटं तिथेच जातात. म्हणून मॅरेथॉनचा अंदाज ५ किलोमीटरवरून बांधू नका, अलीकडच्या हाफ मॅरेथॉनवरून (२१.१ किलोमीटर) बांधा. हाफ २ तासांत झाली असेल तर सूत्र ४ तास १० मिनिटं सांगतं. लाँग रन कमी पडले असतील तर मी घात १.१ धरतो, म्हणजे ४ तास १७ मिनिटं. पहिल्या मॅरेथॉनला ही सात मिनिटं हाताशी असलेली बरी.

सूत्रात घालायची वेळही नीट निवडा. सरावातली नको, शर्यतीत जीव तोडून धावलेली हवी. वर्षभरापूर्वीची, चढाची किंवा कडक उन्हातली वेळ सपाट मार्गासाठी वापरू नका. गर्दीत मागे उभे असाल तर गन टाइम (शर्यत सुरू झाल्यापासूनची वेळ) सोडून चिप टाइम (तुम्ही स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ) घ्या.

अंदाज बरोबर होता, पेसही पाळला, तरी वेळ हुकली? मग घड्याळ तपासा. शर्यतीचा मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो. आपण वळणांवर बाहेरून जातो, त्यात जीपीएसची चूक मिसळते आणि हाफच्या शेवटी घड्याळ २१.४ किलोमीटर दाखवतं. घड्याळावर ५:४१ चा पेस बघून दोन तासांच्या आत येऊ असं वाटतं, प्रत्यक्षात २ तास १ मिनिट ३७ सेकंद लागतात. किलोमीटरच्या पाटीआधीच घड्याळ वाजू लागलं की समजा, फरक पडत चालला आहे. शर्यतीत ऑटो लॅप (घड्याळाने दर किलोमीटरची वेळ आपोआप नोंदवणं) बंद ठेवा आणि प्रत्येक पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा.